रस्त्यांची आघातभार चाचणी आणि उपकरणांची रचना

आघातभार चाचणी ही रस्ता न खोदता त्याच्या थरांची भारवहनक्षमता अजमावण्याची पद्धत आहे. या चाचणीत ठरावीक उंचीवरून वजन सोडून रस्त्याच्या पृष्ठभागावर क्षणिक भार दिला जातो. त्यामुळे पृष्ठभाग किती दबतो, हे भाराच्या केंद्राखाली आणि केंद्रापासून निरनिराळ्या अंतरांवर मोजले जाते. या क्षणिक दबण्यास विक्षेप असे म्हणतात. चाचणीसाठी मुख्यतः फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर (मराठी प्रतिशब्द : पतनभार विक्षेपमापी) हे उपकरण वापरले जाते. भारतात लवचीक, म्हणजे डांबरी रस्त्यांसाठी या चाचणीची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी:११५-२०१४ या दस्तऐवजात, तर काँक्रीटच्या रस्त्यांसाठीची आयआरसी:११७-२०१५ या दस्तऐवजात दिलेली आहेत.

मोजलेला विक्षेप हा केवळ रस्त्याचा गुणधर्म नसतो. तो रस्ता आणि उपकरण या दोहोंच्या परस्परक्रियेतून निर्माण होतो. पडणारे वस्तुमान, पडण्याची उंची, रबरी बफरची ताठरता, भारपट्टिकेचा आकार आणि संवेदकांचा प्रकार यांपैकी काहीही बदलले, तर त्याच रस्त्यावर त्याच कमाल भाराखाली वेगळा विक्षेप मिळू शकतो. या आकड्यांवरून रस्त्याच्या मजबुतीकरणाच्या थराची जाडी ठरत असल्यामुळे उपकरणाच्या रचनेतील फरक थेट सार्वजनिक खर्चाशी जोडलेला आहे. सात मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यावर केवळ १० मिलिमीटर जादा जाडी म्हणजे ७० घनमीटर डांबरमिश्रित खडी होते. उलट, गरजेपेक्षा पातळ थर दिल्यास तो मुदतीपूर्वीच तडकतो. भंडारा जिल्ह्यासारख्या भातशेतीच्या प्रदेशात पायाची माती वर्षाचा मोठा काळ ओलसर राहते आणि उन्हाळ्यात डांबरी थर अतिशय तापतो. अशा ठिकाणी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

रस्त्याचा विक्षेप मोजण्याचे सर्वाधिक प्रसार पावलेले जुने साधन म्हणजे बेंकलमन बीम. अमेरिकी अभियंता ए. सी. बेंकलमन यांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील रस्ताचाचणी प्रकल्पाच्या वेळी ते विकसित केले. भारतात त्याच्या वापराची पद्धत आयआरसी:८१ या दस्तऐवजात असून त्याची सुधारित आवृत्ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीय पद्धतीत ८,१७० किलोग्रॅम भाराचा मागील आस असलेला ट्रक वापरतात. त्याच्या दुहेरी चाकांमध्ये ३.६६ मीटर लांबीच्या तुळईचे टोक ठेवले जाते. तुळईचा टेकू टोकापासून २.४४ मीटरवर असल्यामुळे दुसऱ्या टोकावरील डायल गेजचे वाचन दुप्पट करून विक्षेप काढला जातो.

बेंकलमन बीम स्वस्त व सोपा असला, तरी त्यात दोन उणिवा आहेत. पहिली म्हणजे ट्रक उभा असताना किंवा अगदी हळू सरकताना मोजमाप होते. प्रत्यक्ष वाहतुकीतील चाक मात्र एका बिंदूवरून क्षणार्धात निघून जाते. दुसरी म्हणजे तुळईचे पाय कधीकधी दबलेल्या भागातच टेकतात आणि संदर्भपातळीच खाली गेल्याने विक्षेप कमी दिसतो. म्हणजे उपकरणाच्या रचनेचा निष्कर्षावर परिणाम होण्याचा प्रश्न आघातभार चाचणीपूर्वीही होता.

वेगाने जाणाऱ्या चाकासारखा क्षणिक भार देण्यासाठी वजन पाडण्याची कल्पना १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढे आली. त्यानंतर डेन्मार्क व स्वीडन येथे तिचा व्यावसायिक विकास झाला. भारतात आयआयटी खरगपूर येथे स्वदेशी उपकरणावर काम झाले. विक्षेपांवरून थरांचे गुणधर्म काढणारी ‘केजीपीबॅक’ ही संगणकप्रणालीही तेथेच विकसित झाली असून आयआरसी:११५ मध्ये तिचा अवलंब केलेला आहे.

चाचणीचे तत्त्व

उपकरण सामान्यतः वाहनामागे जोडलेल्या ट्रेलरवर बसवलेले असते. चाचणीच्या ठिकाणी वाहन थांबवून भारपट्टिका व संवेदकांचा दांडा रस्त्यावर टेकवला जातो. नंतर वजन उचलून सोडले जाते. ते रबरी बफरवर आदळते आणि बफरमधून भार पट्टिकेद्वारे रस्त्यावर जातो. पट्टिकेवरील लोड सेल प्रत्यक्ष पोहोचलेला भार नोंदवते. भार शून्यापासून कमाल मूल्यापर्यंत चढून पुन्हा शून्यावर येतो. या चढउताराला भारस्पंद म्हणतात. त्याचा आलेख साधारणतः अर्ध्या ज्या-वक्रासारखा असून अवधी काही दशक मिलिसेकंदांचा असतो.

भारतात कमाल भार ४० किलोन्यूटन धरला जातो. ८० किलोन्यूटनच्या प्रमाण आसाच्या एका बाजूवरील दुहेरी चाकांचा हा भार होय. ३०० मिलिमीटर व्यासाच्या पट्टिकेवर तो पसरल्यास सरासरी दाब सुमारे ०.५६६ मेगापास्कल होतो. हा दाब डांबरी रस्त्यांच्या रचनेत टायरसाठी गृहीत धरल्या जाणाऱ्या ०.५६ मेगापास्कलच्या जवळपास आहे.

केंद्रापासून दूर जाताना विक्षेप कमी होत जातो आणि त्यामुळे पृष्ठभागावर क्षणभर एक उथळ खोलगट आकार तयार होतो. केंद्राजवळील विक्षेपावर सर्व थरांचा परिणाम असतो; दूरच्या विक्षेपावर मुख्यतः पायाच्या मातीचा. या आकारावरून प्रत्येक थराचा स्थितिस्थापकता गुणांक उलट दिशेने काढण्याच्या क्रियेस प्रतिगणन म्हणतात. मिळालेले गुणांक वापरून रस्त्याचे उर्वरित आयुष्य आणि आवश्यक मजबुतीकरण ठरवले जाते.

वस्तुमान आणि पडण्याची उंची

आयआरसी:११५ मध्ये पडणारे वस्तुमान ५० ते ३५० किलोग्रॅम आणि उंची १०० ते ६०० मिलिमीटर या मर्यादांत सांगितलेली आहे. या विस्तृत मर्यादांमुळे एकच कमाल भार अनेक प्रकारे निर्माण करता येतो.

रस्ता पूर्णतः ताठर आहे, बफर आदर्श स्प्रिंगप्रमाणे वागतो आणि वजनाचा स्वतःचा स्थिर भार नगण्य आहे, असे मानल्यास पडणाऱ्या वजनाची स्थितिज ऊर्जा बफरच्या दाबण्यात साठते. त्यावरून पुढील सूत्रे मिळतात :

कमाल भार = √(२ × वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची × बफरची ताठरता)

स्पंदाचा अवधी = π × √(वस्तुमान ÷ बफरची ताठरता)

पहिल्या सूत्रानुसार कमाल भार उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. उंची निम्मी केली, तर ४० किलोन्यूटनचा भार २० वर न येता सुमारे २८ किलोन्यूटनवर येतो. दुसऱ्या सूत्रात उंची येत नाही. अवधी वस्तुमान आणि ताठरता यांवरच ठरतो.

उदाहरणादाखल दोन उपकरणांची तुलना करता येते. पहिल्यात २०० किलोग्रॅमचे वजन ३०० मिलिमीटरवरून आणि दुसऱ्यात १०० किलोग्रॅमचे वजन ६०० मिलिमीटरवरून पडते. दोहोंची ऊर्जा सुमारे ५८९ ज्यूल, म्हणजे सारखीच आहे. दोघांच्या बफरची ताठरता मिलिमीटरला सुमारे १.३६ किलोन्यूटन असल्यास दोन्ही उपकरणे ४० किलोन्यूटन भार देतात. परंतु पहिल्याच्या स्पंदाचा अवधी सुमारे ३८ मिलिसेकंद, तर दुसऱ्याचा सुमारे २७ मिलिसेकंद येतो. अहवालात दोन्ही चाचण्यांपुढे ‘४० किलोन्यूटन’ असेच लिहिले जाईल. रस्त्याला मात्र दोन वेगळे आघात बसलेले असतील.

डांबर हा श्यानप्रत्यास्थ पदार्थ असल्यामुळे हा फरक महत्त्वाचा ठरतो. भार जितका कमी वेळ राहील तितके डांबर ताठर वागते आणि जास्त वेळ राहिल्यास ते अधिक दबते. त्यामुळे जाड डांबरी थराच्या रस्त्यावर, विशेषतः थर तापलेला असताना, लांब स्पंद देणारे उपकरण सामान्यतः अधिक विक्षेप दाखवते. पातळ डांबरी थराच्या रस्त्यावर डांबरामुळे पडणारा हा फरक कमी असतो.

रबरी बफर

बफर हा उपकरणातील दिसायला साधा, परंतु निष्कर्षावर मोठा परिणाम करणारा भाग आहे. त्यांची संख्या, आकार व कठीणपणा यांवर स्पंदाचे स्वरूप ठरते. सपाट तोंडाचा बफर आदळताच पूर्ण क्षेत्रफळावर दाबला जातो. त्यामुळे भार एकदम चढतो आणि आलेखात लहान कंपने उमटू शकतात. गोलाकार किंवा निमुळत्या तोंडाच्या बफरचे स्पर्शक्षेत्र हळूहळू वाढत असल्याने चढ अधिक सौम्य असतो.

रबराची ताठरता तापमानानुसार बदलते. थंड सकाळी बफर कडक असतो. सतत आघातांनी आणि उन्हाने तो तापला की मऊ होतो. मऊ बफरमुळे त्याच उंचीवरून कमाल भार घटतो आणि स्पंद लांबतो. कमाल भारातील घट लोड सेलमध्ये नोंदली जाते आणि विक्षेप प्रमाणशीर वाढवून ४० किलोन्यूटनला आणता येतो. स्पंदाच्या लांबीतील बदल मात्र अशा साध्या गुणाकाराने दुरुस्त होत नाही. जुने झालेले, भेगाळलेले किंवा वेगवेगळ्या वेळी बदललेले बफर एकत्र वापरल्यास भार पट्टिकेवर तिरकाही पडू शकतो.

एक-वस्तुमान व दोन-वस्तुमान रचना

बहुतेक उपकरणांत एकच वजन बफरवर पडते. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या रचनेत मात्र पडणारे वजन बफरच्या एका संचामार्फत दुसऱ्या, मधल्या वजनावर आदळते आणि हे दुसरे वजन बफरच्या आणखी एका संचामार्फत पट्टिकेवर भार देते. त्यामुळे स्पंद अधिक गुळगुळीत होतो आणि कमाल मूल्यापर्यंत चढण्यास अधिक वेळ लागतो. चाकाखालील भाराचा चढउतार सौम्य असल्याने ही रचना वास्तवाला जवळची असल्याचे तिचे समर्थक मानतात. एक-वस्तुमान रचना साधी, हलकी व अधिक प्रचलित असल्यामुळे तिच्या निष्कर्षांचा तुलनात्मक साठा मोठा आहे. दोन्ही रचनांचे विक्षेप एकमेकांत सरसकट बदलून वापरता येत नाहीत.

अमेरिकेतील एएसटीएम डी ४६९४ या मानकात स्पंदाचा अवधी २० ते ६० मिलिसेकंद किंवा चढण्याचा काळ १० ते ३० मिलिसेकंद असा दिलेला आहे. म्हणजेच मानकाची पूर्तता करणाऱ्या दोन उपकरणांच्या स्पंदांत तिपटीपर्यंत फरक असू शकतो.

भारपट्टिका

गणितात पट्टिकेखालचा दाब सर्वत्र समान मानला जातो. प्रत्यक्षात ताठर पोलादी पट्टिका खडबडीत किंवा चाकोरी पडलेल्या पृष्ठभागावर काही बिंदूंवरच टेकते. हे टाळण्यासाठी पट्टिकेखाली रबरी अस्तर लावतात. काही उपकरणांत पट्टिका दोन किंवा चार भागांत विभागलेली असते; प्रत्येक भाग स्वतंत्रपणे टेकत असल्याने दाब अधिक समान पसरतो. भार नोंदवण्यापूर्वी एक आघात केवळ पट्टिका नीट बसावी म्हणून दिला जातो.

पट्टिकेचा व्यासही निर्णायक असतो. ४० किलोन्यूटन भार ३०० ऐवजी ४५० मिलिमीटरच्या पट्टिकेवर दिल्यास सरासरी दाब सुमारे ०.२५ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे निम्म्याहून खाली येतो. मोठी पट्टिका खडीच्या किंवा मातीच्या मऊ थरांवर उपयुक्त असते. परंतु तिचे विक्षेप ३०० मिलिमीटरच्या पट्टिकेशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

संवेदक

विक्षेप मोजण्यासाठी जिओफोन किंवा भूकंपमापीच्या तत्त्वावरील विस्थापनमापक वापरतात. जिओफोन पृष्ठभागाचा वेग मोजतो आणि त्याचे संकलन करून विस्थापन काढले जाते. अतिमंद हालचालींना तो पुरेसा प्रतिसाद देत नसल्याने त्याच्या संकेतात दुरुस्ती करावी लागते आणि स्पंद जितका लांब, तितकी ही दुरुस्ती महत्त्वाची ठरते. विस्थापनमापक थेट विस्थापन दाखवतो. परंतु तो आकाराने मोठा असून हाताळणीत नाजूक असतो.

संवेदकांचे अंतर आणि अचूकताही महत्त्वाची आहे. दूरच्या संवेदकावर विक्षेप कमी असतो, त्यामुळे काही मायक्रॉनची चूकही तेथे मोठी ठरते. पायाच्या मातीचा गुणांक दूरच्या विक्षेपाच्या व्यस्त प्रमाणात काढला जातो. प्रत्यक्ष विक्षेप १०० मायक्रॉन असताना संवेदकाने ९५ नोंदवल्यास माती सुमारे पाच टक्के अधिक ताठर भासते. प्रतिगणनात ही चूक पायाच्या मातीपुरती राहत नाही. एकूण आकार जुळवण्यासाठी वरच्या थरांचे गुणांकही चुकीच्या दिशेने सरकतात.

हलके उपकरण

माती व खडीच्या थरांसाठी एका माणसाला हाताळता येणारे हलके उपकरण वापरतात. जर्मन रचनेत १० किलोग्रॅमचे वजन ३०० मिलिमीटरच्या पट्टिकेवर ७.०७ किलोन्यूटन भार देते. त्यामुळे दाब ०.१ मेगापास्कल होतो. या रचनेत लोड सेल नसते. भार आधीच निश्चित केलेला मानला जातो आणि त्वरणमापक पट्टिकेवर बसवलेला असतो. दुसऱ्या एका रचनेत लोड सेल असते आणि जिओफोन पट्टिकेच्या मधल्या छिद्रातून थेट मातीवर टेकतो. पहिल्या रचनेत पट्टिकेची हालचाल मोजली जाते, तर दुसऱ्या रचनेत मातीची. त्यामुळे एकाच मातीवर दोन्ही उपकरणांचे गुणांक लक्षणीयरीत्या वेगळे येतात. अमेरिकेत या दोन प्रकारांसाठी स्वतंत्र मानके आहेत, ती याच कारणाने.

भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

भंडारा जिल्हा पूर्व विदर्भात वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला असून त्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके आहेत. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड या जिल्ह्यातून जात असे. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणून ओळखला जाऊ लागला. भंडारा, लाखनी व साकोली ही गावे या मार्गावर आहेत. वैनगंगा पूल ते छत्तीसगड सीमा हा सुमारे ८० किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्यात आला आहे. महामार्गावरील जड वाहतुकीखेरीज तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणींमुळे जिल्ह्याच्या अंतर्गत रस्त्यांवरही खनिजवाहू ट्रक धावतात.

जिल्ह्यातील मातीचे कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी असे स्थानिक प्रकार आहेत. कन्हार ही काळी, चिकण व पाणी धरून ठेवणारी माती आहे. सिहार व बर्डी त्या मानाने हलक्या असतात. काही किलोमीटरच्या अंतरात माती बदलत असल्यामुळे एकाच रस्त्यावर पायाची ताठरता ठिकठिकाणी वेगळी असू शकते. शिवाय भाताच्या बांध्या रस्त्याच्या भरावाला लागून असतात आणि त्यांत पावसाळाभर पाणी साठवलेले असते. मालगुजारी तलाव व बोड्यांच्या लाभक्षेत्रात, तसेच उन्हाळी धान घेतल्या जाणाऱ्या भागात हा ओलावा पावसाळ्यानंतरही टिकतो. आयआरसी:११५ मध्ये हंगामानुसार दुरुस्तीची तरतूद आहे. परंतु उन्हाळ्यातही शेजारच्या बांधीत पाणी असेल, तर केवळ महिन्यावरून माती कोरडी मानणे योग्य ठरत नाही.

ओल्या चिकण मातीचे वर्तन भाराच्या प्रमाणात सरळ रेषेत बदलत नाही. त्यामुळे मऊ झालेल्या बफरमुळे प्रत्यक्ष भार ४० किलोन्यूटनपेक्षा बराच कमी पडल्यास विक्षेप नुसता प्रमाणात वाढवून घेणे दिशाभूल करणारे ठरू शकते. अशा वेळी उंची बदलून प्रत्यक्ष भार ४० किलोन्यूटनच्या जवळ आणणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

तापमानाचा प्रश्न याच्या जोडीला येतो. मार्गदर्शक तत्त्वांनुसार डांबरी थराचा गुणांक ३५ अंश सेल्सियस या प्रमाण तापमानाला आणला जातो आणि चाचणी थराचे तापमान २० ते ४५ अंशांच्या दरम्यान असताना घेणे अपेक्षित असते. विदर्भात मे महिन्यात हवेचेच तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि डांबरी पृष्ठभाग त्याहून बराच अधिक तापतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटेचे किंवा सकाळचे तासच चाचणीस योग्य उरतात. तापमानाची दुरुस्ती डांबरी थरासाठी असते, बफरसाठी नसते. सकाळी सहाला एका टोकापासून सुरू झालेले सर्वेक्षण दहाला दुसऱ्या टोकाला पोहोचले, तर दरम्यान रस्ता आणि उपकरण दोन्ही बदललेले असतात.

ग्रामीण रस्त्यांचे स्वरूप वेगळे आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील बहुतेक रस्त्यांवर डांबरी थर पातळ असतो आणि भार मुख्यतः खडी, मुरूम व माती उचलतात. तेथे स्पंदाच्या लांबीपेक्षा पट्टिका नीट टेकणे आणि दूरच्या संवेदकांची अचूकता यांना अधिक महत्त्व येते.

अंशशोधन व नोंदी

उपकरणांतील फरक पूर्णपणे नाहीसे करता येत नाहीत; परंतु ते ओळखून मर्यादेत ठेवता येतात. त्यासाठी लोड सेल व प्रत्येक संवेदकाचे संदर्भ उपकरणाशी ठरावीक मुदतीने अंशशोधन केले जाते. सर्व संवेदक एकाच उभ्या स्टँडवर बसवून त्यांची वाचने परस्परांशी ताडली जातात. एकाच बिंदूवर अनेक आघात देऊन पुनरावृत्तिक्षमता तपासली जाते. अमेरिकेत दीर्घकालीन रस्तेनिरीक्षण कार्यक्रमासाठी प्रादेशिक अंशशोधन केंद्रे उभारण्यात आली. देशभरातील आकडे परस्परांशी तुलना करण्याजोगे राहावेत, हा त्यामागचा हेतू होता.

अहवालात कमाल भार व विक्षेपांबरोबर वस्तुमान, उंची, बफरचा प्रकार व संख्या, पट्टिकेचा व्यास, स्पंदाचा अवधी आणि थराचे तापमान यांची नोंद असल्यास काही वर्षांनी दुसऱ्या उपकरणाने केलेल्या चाचणीशी तुलना शक्य होते. अशा नोंदीअभावी विक्षेपातील वाढ रस्ता कमकुवत झाल्यामुळे आहे की उपकरण बदलल्यामुळे, हे सांगता येत नाही.

मर्यादा

प्रचलित प्रतिगणनात आघात स्थिर भाराप्रमाणे मानला जातो आणि प्रत्येक संवेदकाचे फक्त कमाल मूल्य घेतले जाते. प्रत्यक्षात आघाताची लहर बाहेर पसरत असल्याने ही कमाल मूल्ये एकाच क्षणी येत नाहीत. उथळ खोलीवर कठीण खडक असल्यास लहर परावर्तित होऊन दूरचे विक्षेप बदलतात. थरांची जाडी चुकीची धरल्यास अचूक उपकरणाचे आकडेही चुकीचे गुणांक देतात. म्हणून निवडक ठिकाणी खड्डे घेऊन जाडी पडताळली जाते. आयआरसी:११५ नुसार रचनेसाठी सरासरीऐवजी १५ व्या शतमकाचा गुणांक, म्हणजे ज्याहून १५ टक्के मूल्ये कमी असतील असा गुणांक, घेतला जातो. ही सावधगिरी रस्त्यातील चढउतारांसाठी आहे; सर्वच आकडे एका दिशेने सरकवणारा उपकरणाचा दोष तिने भरून निघत नाही.

हेही पाहा

बेंकलमन बीम
भारतीय रस्ते काँग्रेस
राष्ट्रीय महामार्ग ५३
प्रधानमंत्री ग्रामसडक योजना
भंडारा जिल्हा